फिट्सच्या गोळ्या चालू आहेत, सहावा आठवडा लागलाय, घरचे म्हणतात बंद कर

चिमणपाखरू
१२ जून, रात्री ११:४८

कुणी जागं आहे का? पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात गेला असेल तर अ‍ॅडमिननी हलवा प्लीज.

मी २९, सातारा, बँकेत नोकरी. सोळाव्या वर्षापासून फिट्स आहेत. माझ्या म्हणजे पोटातून काहीतरी वर चढत आल्यासारखं होतं आणि मग दोनेक मिनिटं मी कुठे असते मला ठाऊक नसतं, नुसती ओठ चावत बसलेली असते म्हणे, पूर्ण आडवी पडून झटके असं आयुष्यात दोनदाच झालंय. लॅमोट्रिजिन १०० सकाळी १०० रात्री, अडीच वर्षं एकही नाही. नवऱ्याला लग्नाआधीपासून माहीत आहे, सासरी लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं, त्यावरून काय झालं तो वेगळा धागा होईल.

तर परवा किट पॉझिटिव्ह आली. ठरवून नाही, झालं. आनंद झाला आणि लगेच पोटात गोळा आला की आता गोळ्यांचं काय. सासूबाई म्हणाल्या आमच्या वेळी आम्ही डोकं दुखलं तरी गोळी घेत नव्हतो, नऊ महिने तरी बंद ठेव, पोराला काही झालं तर. नणंदेने व्हॉट्सअ‍ॅपवर कुठलातरी फोटो पाठवला, बाळाच्या पाठीवर गाठ असलेला, तो बघून मी काल सकाळपासून गोळी घेतलीच नाही. तीन डोस झाले. गायनॅकची अपॉइंटमेंट सोमवारी आहे, न्यूरोवाले पुण्यात, त्यांचा फोन लागत नाहीये. आज सकाळपासून हात थरथरतोय, भीतीने का कशाने कळत नाही. कुणी यातून गेलंय का?

ढब्बू_मिरची
१२ जून, रात्री ११:५६

अभिनंदन!! केमिकल ते केमिकलच गं. माझ्या मावसबहिणीने सगळं बंद करून फक्त ब्राह्मी आणि रोज अनुलोम-विलोम केलं, मुलगा आज इंजिनियर आहे. मन खंबीर ठेव.

रात्रपाळी
१३ जून, रात्री १२:०९

चिमणपाखरू, आधी हे वाच आणि मग बाकीचं. मी स्त्रीरोगवाली आहे, न्यूरोवाली नाही, आणि आत्ता ड्युटीवरच आहे म्हणून घाईत लिहितेय.

तुझा रात्रीचा नेहमीचा डोस राहिलाय ना, तो आत्ता घे. चुकलेले तीन एकदम गिळायचे नाहीत, फक्त आत्ताचा एक. दीड दिवस झालाय म्हणून नेहमीच्या डोसवर परत येता येतं. पाच-सहा दिवस बंद राहिली असतीस तर लॅमोट्रिजिन पुन्हा अगदी बारीक डोसपासून हळूहळू चढवावं लागतं, नाहीतर अंगावर पुरळ उठतं, आणि ते पुरळ कधीकधी गंभीर असतं. उद्या उजाडल्यावर पुण्याच्या डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन कर, त्यांना नाही तर रिसेप्शनला सांग, 'प्रेग्नंट आहे आणि तीन डोस चुकले', एवढं वाक्य ऐकलं की ते फोन पुढे देतात.

रात्री एकटी झोपू नकोस. बाथरूमला कडी लावू नकोस.

ढब्बू मिरची, मावसबहिणीचं चांगलं झालं, आनंद आहे. पण मी लेबर रूममध्ये अशा बायकाही बघितल्यात ज्यांनी गोळ्या बंद केल्या आणि बेशुद्धावस्थेत आल्या. मोठ्या फिटमध्ये आईला ऑक्सिजन कमी पडतो तसा पोटातल्याला पण पडतो, पडझड होते ती वेगळीच. आणि अचानक गोळ्या थांबवल्यावर झोपेत फिट येऊन जीव जाण्याचा धोका वाढतो, तो मनाच्या खंबीरपणाने कमी होत नाही.

चिमणपाखरू
१३ जून, रात्री १२:१७

घेतली. थँक्यू. नवरा उठलाय, त्याला वाचायला दिलं.

लेस्टरची_मनी
१३ जून, पहाटे ३:३०

इकडे अजून रात्रीचे अकराच वाजलेत म्हणून मी जागी. मी पण लॅमोट्रिजिनवर दोन बाळंतपणं केलीत, मुलगी ९, मुलगा ५, दोघं सध्या वरच्या मजल्यावर झोपायचं सोडून भांडतायत.

तो पाठीवरच्या गाठीचा फोटो ना, त्या भीतीला आधार आहे पण सगळ्या गोळ्यांना एकाच पोत्यात घालू नका. युरॅप नावाचं आंतरराष्ट्रीय रजिस्टर आहे, १९९९ पासून अशा गरोदर बायकांची नोंद ठेवतात. त्यांनी २०१८ साली आठ औषधांचे आकडे दिले होते. एकच औषध घेणाऱ्यांत बाळात मोठं व्यंग असण्याचं प्रमाण व्हॅलप्रोएटला १०.३ टक्के, फिनोबार्बला ६.५, फेनिटोइनला ६.४, कार्बामाझेपीनला ५.५, आणि लॅमोट्रिजिनला २.९, लेव्हेटिरॅसिटामला २.८. आता कुठलंच औषध न घेणाऱ्या बायकांमध्ये पण हे दोन-तीन टक्के असतंच. म्हणजे तुझी गोळी साधारण तिथेच आहे.

इकडे व्हॅलप्रोएटच्या खोक्यावर गरोदर बाईचं चित्र असतं, वॉर्निंगचं. फार्मसीवाला ते खोकं फोडून सुट्या गोळ्या देत नाही.

कप_उडवी
१३ जून, सकाळी ७:१२

बापरे. मी व्हॅलप्रोएटवर आहे. डिसेंबरमध्ये लग्न आहे. मला अकरावीपासून सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके यायचे, चहाचा कप हातातून उडायचा (म्हणून हा आयडी), आईला वाटायचं मी मुद्दाम आपटते. या गोळीने एकदम बंद झालं. मला आजपर्यंत कुणीही हे सांगितलं नाही. चित्र वगैरे सोडाच, माझा मेडिकलवाला तर पट्टी कापून देतो.

धागाचोरीबद्दल सॉरी चिमणपाखरू.

कोकणकडा
१३ जून, सकाळी ९:४०

नेटवर विचारून औषधं घेणाऱ्या लोकांची कमाल वाटते. डॉक्टर कशाला शिकतात मग? धागा उडवावा ही विनंती.

निम्मा_तांब्या
१३ जून, सकाळी १०:०५

कोकणकडा साहेब, तिला रात्री पावणेबाराला तिचे डॉक्टर भेटत नव्हते, इथे डॉक्टरच भेटल्या आणि त्यांनी तिला तिच्याच डॉक्टरांकडे पाठवलं. उडवायचं काय त्यात?

माझ्या बायकोला फिट्स आहेत, मुलगी आता चौथीत. पुरुषांनी लिहायचं की नाही माहीत नाही पण सवडीने लिहीन, नवऱ्याने करायच्या गोष्टी बऱ्याच असतात आणि त्या कुणी सांगत नाही.

रात्रपाळी
१३ जून, दुपारी २:३०

कप_उडवी, तुझ्यासाठी. आजपासून बंद करायची नाही, हे आधी. तुझ्या वर्णनावरून ज्या प्रकारच्या फिट्स वाटतात त्यांना व्हॅलप्रोएट खरंच फार चांगलं लागू पडतं, म्हणून ते दिलं जातं. पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते देताना बोलायलाच हवं. व्यंगाचा धोका दहात एक, आणि जन्मताना धडधाकट दिसणाऱ्या मुलांतही पुढे बोलणं, शिकणं, वागणं यातल्या अडचणी दहात तीन ते चार जणांना. डोस जास्त तसा धोका जास्त. हे दुसऱ्या औषधावर नेता येतं का ते न्यूरोलॉजिस्ट ठरवणार, आणि त्याला महिने लागतात, एक चढवत दुसरं उतरवत. म्हणून लग्नाआधी जा, पाळी चुकल्यावर नको. तोवर गर्भनिरोधक नीट वापरायचं. आणि जोडीदाराला घेऊन जा.

फॉलिक अ‍ॅसिडचं पण तसंच, बाळाचा मणका ज्या नळीपासून बनतो ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. म्हणजे बऱ्याच जणींना पाळी चुकली हे नीट कळेपर्यंत ते काम उरकलेलं असतं. आपल्याकडे फिट्सवाल्या बायकांना ५ मिलिग्रॅमची गोळी आधीपासूनच देतात. चिमणपाखरू, तुझी सुरू नसेल तर सोमवारपर्यंत थांबू नकोस, उशिरा का होईना.

चिमणपाखरू
१७ जून, रात्री ९:२०

अपडेट. पुण्याचा फोन शुक्रवारीच लागला, रिसेप्शनवालीला तेच वाक्य म्हटलं आणि दहा मिनिटांत डॉक्टर स्वतः बोलले. म्हणाले गोळी एक दिवसही सोडायची नाही, फॉलिक ५ सुरू, आणि मागच्या वर्षी रक्तातली लॅमोट्रिजिनची लेव्हल केली होती तो कागद शोधून ठेव, त्याला आता सोन्याचा भाव आहे. सापडला, ६.२. गॅस बुकात होता.

इथल्या गायनॅक चांगल्या आहेत, म्हणाल्या मी एकटी काही बदलणार नाही, पुण्याशी बोलून करू. ११ ते १३ आठवड्यांत एक सोनोग्राफी, मग १८-२० ला अ‍ॅनोमली स्कॅन म्हणजे बाळात व्यंग नाही ना ते बघायची सोनोग्राफी, हृदयाची वेगळी.

सासूबाईंना नवऱ्याने सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. देवापुढे बसल्या.

कुणी उलटीचं सांगेल का? सकाळची गोळी घेतली की दहा मिनिटांत बाहेर.

लेस्टरची_मनी
१७ जून, रात्री ११:०२

माझ्या नर्सने सांगितलं होतं की गोळी उलटीत अख्खी दिसली किंवा घेतल्या घेतल्या उलटी झाली तर परत घ्यायची, पण पुढे अर्धा-पाऊण तास गेला असेल तर विचारायचं. तू तुझ्या डॉक्टरांकडून हे आकड्यात लिहून घे. मी वेळ बदलली होती, सकाळी सातऐवजी साडेदहा, कोरडं टोस्ट खाऊन. आणि उलटीची गोळी मागून घे, लाजू नकोस.

आबोली५८
१८ जून, सकाळी ६:१५

बाळा तुझं वाचून मला माझे दिवस आठवले. १९८३, मिरज. तेव्हा आकडीच म्हणायचो. मला फिनोबार्ब होतं, बारीक पांढरी गोळी. लग्नात लपवलं होतं आणि मी गोळ्या हळदीच्या डब्यात ठेवायची, माझ्या फिट्सना घरचे अंगात येतं म्हणायचे आणि कांदा नाकाशी धरायचे. मुलगा झाला तो तीन दिवस नुसता झोपलेला, ओढतच नव्हता. मुलांचे डॉक्टर म्हणाले की औषधाची गुंगी आहे, उठवून उठवून पाजा, तळपायाला टिचक्या मारा. मारल्या. तो आज चाळिशीचा आहे आणि अजून उठवावाच लागतो.

लपवू मात्र नकोस गं. निदान आता कायद्याने तरी बरं आहे, १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींतून अपस्मार, म्हणजे आपला फिट्सचा आजार, हा शब्द काढून टाकला. आमच्या वेळी तो होता आणि मला रोज वाटायचं की कुणीतरी तो काढून दाखवेल.

निम्मा_तांब्या
२२ जून, रात्री १०:५०

म्हटल्याप्रमाणे लिहितो. आमच्याकडे सात खणांचे दोन डबे होते, एक सकाळचा एक रात्रीचा. रविवारी मी भरायचो. त्याचा फायदा एवढाच की 'घेतली का नाही' यावर भांडण होत नाही, खण बघायचा. एक पट्टी तिच्या पर्समध्ये, एक माझ्या गाडीत, आणि मेडिकलवाल्याला सांगून ठेवलेलं की कंपनी बदलून द्यायची नाही, संपली असेल तर चार दिवस आधी सांग.

फिट आली तर काय करायचं ते मी फ्रिजवर चिकटवलं होतं, कारण माझी आई घाबरली की चमचा शोधायची. तोंडात काही घालायचं नाही. डाव्या कुशीवर वळवायचं. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एकामागून एक आली तर १०८. आणि पोटुशी असताना मोठी फिट आली तर लवकर थांबली तरी हॉस्पिटल. चप्पल, कांदा बंद.

रात्रपाळी
२३ जून, सकाळी ७:३०

तांब्यांशी सहमत, एक भर. विसाव्या आठवड्यानंतर फिट आली तर 'तिला आधीपासून आहेच' म्हणून घरी बसायचं नाही. बीपी आणि लघवीतलं प्रोटीन बघायलाच लागतं, कारण गरोदरपणातल्या बीपीने येणारी फिट वेगळी, तिचं औषध वेगळं, मॅग्नेशियम. आणि उलटही होतं, जुन्या अपस्माराच्या बाईला नवीन डॉक्टर थेट एक्लॅम्प्शिया, म्हणजे ती बीपीची फिट, समजून बसतात. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, कुठल्या प्रकारची फिट, कुठली गोळी, किती डोस.

चिमणपाखरू
६ सप्टेंबर, रात्री ८:४०

धागा वर काढतेय. फिट आली.

गौरीच्या रात्री. जागरण मी टाळणार होते पण घरात वीस माणसं, मी फुलोऱ्याच्या करंज्या तळत नाही म्हणून आधीच एका काकूंचं तोंड वाकडं झालेलं, त्यामुळे झिम्मा-फुगडी बघत दोनपर्यंत बसले. सकाळी पोटातून ते वर चढलं. इतक्या दिवसांनी पण लगेच ओळखलं. नवऱ्याचा हात धरला एवढं आठवतंय. दीड मिनिट म्हणे, पडले नाही, ओठ चावले.

त्याच दिवशी पुण्याला. साडेसतरा आठवडे. लेव्हल करायला दिली, सँपल मुंबईला जातं म्हणून चार दिवस थांबलो. आली २.९.

६.२ ची २.९!! एकही गोळी चुकवली नव्हती. अलार्म लावून घेतलेली प्रत्येक गोळी. मी डॉक्टरांपुढे रडले की मी घेतलीय हो, खोटं नाही बोलत.

रात्रपाळी
६ सप्टेंबर, रात्री ९:१५

तू घेतलीसच. ही तुझी चूक नाही, हे लॅमोट्रिजिनचं गरोदरपणातलं वागणंच आहे. इस्ट्रोजेन वाढतं तसं लिव्हर हे औषध कितीतरी वेगाने निकालात काढतं, काहींच्या शरीरात दुप्पट-तिप्पट वेगाने. गोळी तीच, रक्तात मात्र निम्मी. आधीच्या लेव्हलच्या ६५ टक्क्यांच्या खाली गेलं की फिट्सचा धोका वाढतो असं बघितलं गेलंय, आणि तू ४७ टक्क्यांवर होतीस, त्यात जागरण. तो गॅस बुकातला कागद म्हणूनच सोन्याचा. नाहीतर नुसत्या २.९ वरून कुणाला काय कळणार, एखादीला २.९ पुरतं.

लेव्हेटिरॅसिटामचं पण असंच घटतं, तेही लवकर. डोस वाढवला का?

चिमणपाखरू
६ सप्टेंबर, रात्री ९:३१

हो, १५०-१५०, आणि दर महिन्याला लेव्हल. म्हणाले अजून वाढेल, घाबरू नकोस, डोस वाढला म्हणजे आजार वाढला असं नाही. सासूबाईंना हे पटवणं अवघड आहे. 'आता गोळ्याही दीडपट' एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं.

ढब्बू_मिरची
७ सप्टेंबर, सकाळी ८:२०

मी जूनमध्ये जे लिहिलं होतं ते एडिट होत नाहीये नाहीतर काढलं असतं. मावसबहिणीला फोन करून नीट विचारलं. तिच्या फिट्स लहानपणीच्या होत्या आणि डॉक्टरांनीच लग्नाच्या आधी चार वर्षं गोळ्या बंद केल्या होत्या. ब्राह्मीचा काही संबंध नाही. काळजी घे.

कप_उडवी
१९ ऑक्टोबर, दुपारी १:००

माझं पण सांगते. आम्ही दोघं गेलो होतो. लेव्हेटिरॅसिटाम चढवलंय, व्हॅलप्रोएट उतरवतोय, अजून २०० उरलंय. मध्ये दोन आठवडे वाईट गेले, तीन कप फुटले आणि चिडचिड इतकी की होणारा नवरा म्हणाला ही गोळी मला दे मी घेतो. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं की या औषधाने स्वभाव तापतो काहींचा, लपवू नका. लग्न पुढे नाही ढकललं, बाळ ढकललंय. निदान वर्षभर फिट नसेल तर बघू म्हणाले, असं वर्ष गेलेल्या बहुतेक जणींना गरोदरपणात पण येत नाहीत.

मला तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेबद्दल पण तिथेच कळलं, केरळात १९९८ पासून गरोदर फिट्सवाल्या बायकांचं रजिस्टर आहे. आपल्याच देशात, आणि मी समजत होते हे सगळं परदेशातलं.

चिमणपाखरू
११ फेब्रुवारी, पहाटे ४:१०

मुलगी! ३० जानेवारी, २ किलो ९००, नॉर्मल. सगळ्यांना पेढे.

आता एका हाताने लिहितेय म्हणून तुटक येईल. शेवटी डोस २००-२०० पर्यंत गेला होता. बार्शीला माहेरी आले बाळंतपणाला. कळा सुरू झाल्यावर ज्या नर्सिंग होममध्ये होते तिथली सिस्टर म्हणाली आता तोंडाने काही घ्यायचं नाही, रात्रीची गोळी पण नाही. मी म्हटलं घेणारच, कागद दाखवला, डॉक्टरांना उठवलं, घोटभर पाण्याबरोबर घेतली. स्वतःच्या गोळ्या स्वतःच्या पिशवीत घेऊन जा बायांनो, तिथल्या मेडिकलमध्ये माझी पॉवर नव्हतीच. सिझरचं पण विचारलं होतं आईने, 'फिट्स आहेत तर कापूनच काढा', डॉक्टर म्हणाल्या त्यासाठी कापायचं कारण नाही. बाळाला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन लगेच दिलं.

मग दूध. दुसरी सिस्टर म्हणाली एवढ्या गोळ्या चालू आहेत, अंगावर पाजू नका, डबा आणा. आईने डबा आणला पण. मी तासभर छाती धरून बसले होते, ती रडतेय, मी रडतेय. मुलांचे डॉक्टर राउंडला आले ते एकच वाक्य बोलले, नऊ महिने हे औषध नाळेतून तिला मिळालंच आहे, दुधातून त्याहून कमी जातं, पाजा. आणि तिला काढून माझ्याजवळ दिलं. बघायचं काय ते सांगितलं, फार गुंगीत आहे का, ओढत नाही का, वजन वाढतंय का, अंगावर पुरळ. असलं काही दिसलं तर लगेच आणा.

इथवर छान. पण आता चार दिवस मला सगळं दोन-दोन दिसतंय. पाळण्याला चार दोऱ्यांच्या आठ. उठलं की भिंत धरते. आई म्हणते बाळंतिणीला चक्कर येतेच, डिंकाचा लाडू खा. लाडू खाल्ला, दोन दिसत होते त्यातला नेमका एक हाताला लागला.

रात्रपाळी
११ फेब्रुवारी, सकाळी ५:५५

चिमणे डोस!! डिलिव्हरीनंतर डोस खाली आणायला सांगितलं होतं का? बाळ बाहेर आलं की लिव्हर दोन-तीन आठवड्यांत पहिल्यासारखं होतं, आणि तू अजून ४०० खातेयस. ही बाळंतपणाची चक्कर नाही, औषध जास्त होतंय. स्वतः काही कापू नकोस, आत्ता सात वाजता पुण्याला फोन. तोवर बाळाला घेऊन उभी राहू नकोस, जिना नको.

चिमणपाखरू
११ फेब्रुवारी, दुपारी १२:४५

लिहून दिलं होतं. तिसऱ्या दिवसापासून उतरवायचं, तारखांसकट, सगळं. कागद साताऱ्याच्या घरी फ्रिजवर, आणि मी बार्शीत. नवऱ्याने फोटो पाठवला आत्ता. मी त्या फ्रिजचा फोटो बघून हसावं का रडावं.

फोनवर नवीन हिशोब दिला, आजपासून कमी, दहा दिवसांत २५० वर. गरोदरपणाआधीच्या २०० पेक्षा थोडं वरच ठेवलंय, आता झोपमोड असणार म्हणून. बाळाला पण दाखवून आले, ठीक आहे, मस्त ओढते.

निम्मा_तांब्या
११ फेब्रुवारी, रात्री ९:००

अभिनंदन ताई! आता झोपेचं. आमच्याकडे रात्री अकरा ते चार माझी ड्युटी होती, ती दूध काढून ठेवायची, मी वाटी-चमच्याने पाजायचो. सलग साडेचार-पाच तास तिला झोप. हे एक केलं तर बाकी निम्मं होतं.

बाळाला खाली गादीवरच बदलायचं, पलंगावर नाही. पाजायला भिंतीला टेकून जमिनीवर, दोन्ही बाजूला लोड. एकटीने आंघोळ घालायची नाही. आणि माहेरी आहात म्हणजे शेक-शेगडी असेलच, ती खाटेखाली पेटती ठेवून सगळे बाहेर जातात, तसं नको. फिट आली आणि हात निखाऱ्यात गेला तर काय?

चिमणपाखरू
१२ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

शेगडीचं खरंच डोक्यात नव्हतं. शेक-शेगडी काल रात्रीच बंद केली, मालिशवाल्या मावशी नाराज, म्हणाल्या चाळीस वर्षांत कुणाची पोळलेली नाही. आंघोळ त्याच घालतात, पायावर आडवी घेऊन, मी नुसती तांब्या देते. बाबा रात्रीचे उठायला तयार झालेत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दूध तापवलं. उतू गेलं, पण तापवलं.

आबोली५८
१२ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

मुलीचं नाव काय ठेवणार?

कप_उडवी
१४ मार्च, सकाळी १०:१०

व्हॅलप्रोएट डिसेंबरमध्येच शून्य. लग्न झालं, मंगलाष्टकांच्या वेळी हाताला एक झटका आला, अक्षता म्हणून खपला. फॉलिक सुरू केलंय, बाळाचा विचार पुढच्या वर्षी. चिमणे कशी आहेस?

चिमणपाखरू
१४ मार्च, रात्री १०:३५

अगं वा!! मी मस्त. डोळे जागेवर, पिल्लू ४ किलो १००. आबोली काकू, नाव ओवी. परवा साताऱ्याला परत आले.

सासूबाई शेजारी सांगतात की तिच्या रक्तवाढीच्या गोळ्या आहेत. सांगू देत. रविवारी डबा मात्र त्याच भरतात, आणि एका खणात चुकून दोन पडल्या तर चष्मा लावून परत मोजतात.

रात्रपाळी
१४ मार्च, रात्री १०:५२

छान. सहा आठवडे झाले ना, गर्भनिरोधकाचं बोललीस का कुणाशी? इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या सुरू केल्यास तर लॅमोट्रिजिनची लेव्हल परत तशीच घसरेल, गौरीच्या वेळी घसरली तशी. आणि पाजतेयस म्हणून आत्ता त्या तशाही नकोतच. कॉपर टीचा औषधाशी काही संबंध येत नाही.

चिमणपाखरू
१४ मार्च, रात्री १०:५८

अगं बाई, सव्वा महिना आत्ता कुठे सरलाय, नवऱ्याला अजून खोलीत घेतलेलं नाही. बुधवारी चेकिंग आहे, विचारते.